जोत्याच्या भरणीला भट्टीचा काळा स्लॅग चालेल का?

खाडीवारा:
नमस्कार मंडळी,
घणसोली गावठाणात आमचं जुनं कौलारू घर होतं ते पाडून आता तळमजला अधिक दोन असं बांधतोय, मी आणि मोठा भाऊ मिळून. पाया झाला, कॉलम जोत्यापर्यंत आलेत आणि दोन गोष्टींवरून घरात रोज वाजतंय म्हणून इथे विचारतोय.

पहिली गोष्ट, इथून पुढचं काँक्रीट आरएमसी (तयार काँक्रीट) प्लांटचं घ्यायचं ठरतंय. कोटेशनमध्ये एम २५ (काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा) साठी घनमीटरला १७० किलो सिमेंट आणि १७० किलो जीजीबीएस असं लिहिलंय. भाऊ म्हणतो हे लोक निम्मं सिमेंट खातात आणि कारखान्याची राख कालवून देतात, त्यापेक्षा पोती आणून साइटवरच मिक्सर लावू. प्लांटवाला म्हणतो राख नाही हो, स्टील कारखान्यातला स्लॅग (भट्टीतली मळी) दळलेला असतो, सगळीकडे हेच जातं.

दुसरी, जोत्याच्या भरणीला मुरूम महाग पडतोय तर कंत्राटदार म्हणाला तळोज्याकडून भट्टीचा काळा स्लॅग टाकू, जवळजवळ गाडीभाड्यातच येतो, दगडाहून कडक, हायवेला पण हाच टाकतात. आणि इथे मात्र भाऊ लगेच तयार! म्हणजे काँक्रीटमध्ये स्लॅग नको पण फरशीखाली चालेल. मला काहीतरी उलटं वाटतंय पण मी बँकेत नोकरी करणारा माणूस, मला कोण विचारतो. जाणकारांनी सांगा.

फुकटचा_सल्लागार:
दोन्हीकडे मुरूम टाका आणि भावाला इथे आयडी काढून द्या.
(जाणकार येईपर्यंत जागा धरून ठेवतोय.)

निवृत्त_क्यूसी:
तुमचं वाटणं बरोबर आहे, तुमच्या घरात सगळं उलटं चाललंय. मी तुर्भे-महापे पट्ट्यात आरएमसीत क्वालिटी बघण्यात नोकरी काढली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

लोखंड-पोलादाच्या कारखान्यात दोन वेगळ्या टप्प्यांवर दोन वेगळे स्लॅग निघतात. झोतभट्टीत खनिजातून लोखंड काढताना वर तरंगतो तो पहिला. हा रस तापलेला असतानाच त्यावर पाण्याचा जोरदार मारा करतात, तो झटक्यात गार होतो आणि त्याची वाळूसारखी काचकणी होते. ही काचेची अवस्था महत्त्वाची, कारण सावकाश गार होऊ दिला तर त्याचे स्फटिक बनतात आणि मग तो नुसता दगड, त्याला चिकटण्याचा गुण राहत नाही. काचकणी बारीक दळली की ते जीजीबीएस. सिमेंटला पाणी लागलं की चुना सुटतो, त्या चुन्याने ही पावडर जागी होते आणि स्वतःच सिमेंटसारखी धरते. जर्मनीत एमिल लांगेन याने हे १८६२ मध्ये ओळखलं, म्हणजे काल-परवाचा जुगाड नाही. आपल्याकडे स्लॅग सिमेंटला आयएस (भारतीय मानक) ४५५ आहे, त्यात २५ ते ७० टक्के स्लॅग चालतो, आणि नुसत्या पावडरीला आयएस १६७१४ आहे. तुमचं ५० टक्के मधोमध बसतं. राख वेगळी, ती औष्णिक वीज केंद्रातली, तिचा इथे संबंध नाही.

दुसरा स्लॅग निघतो लोखंडाचं पोलाद करताना, कन्व्हर्टरमध्ये किंवा आर्क भट्टीत. तिथे अशुद्धी ओढून घ्यायला चुना टाकतात आणि सगळा चुना विरघळत नाही, थोडा तसाच मोकळा राहतो. मोकळ्या चुन्याला पाणी लागलं की तो फुगतो, जवळपास दुप्पट होतो. मॅग्नेशियाचंही तेच, फक्त तो फार सावकाश फुगतो, वर्षानुवर्षं. आता तुमच्या फरशीखाली दोन-अडीच फूट असा माल दाबून भरला आणि घणसोलीची खाडीकाठची ओल खालून लागली की काय होणार? फरशा उठणार, कोबा फुटणार, आतल्या भिंतींना तडे जाणार, आणि हे पहिल्या पावसात होईलच असं नाही, कंत्राटदाराचे पैसे चुकते झाल्यावर निवांत होईल.

म्हणून माझं मत, काँक्रीटमधला स्लॅग डोळे झाकून नाही पण आनंदाने घ्या. जोत्यातला अजिबात नको.

आणि तुम्ही विचारलं नाही ते पण सांगतो, खाडीलगत एम २५ का घेताय? खारी हवा थेट लागणाऱ्या आरसीसीला आयएस ४५६ प्रमाणे कमीत कमी एम ३०, ३२० किलो सिमेंट आणि सिमेंटशी पाण्याचं प्रमाण ०.४५ च्या आत लागतं. फरक फार येत नाही, भाव मागवून बघा.

सेंटरिंगवाला:
क्यूसी साहेबांचं बरोबर असेल पण प्लांटवाले एक गोष्ट कधी बोलत नाहीत ती मी बोलतो, हा स्लॅगचा माल सुरुवातीला मंद असतो. थंडीत तर दुसऱ्या दिवशी कॉलमची शटर काढताना कडा हातात येतात आणि बोलणी मात्र आम्हाला. मालक म्हणतो सात दिवस झाले टेकू काढ, पुढच्या साइटला प्लेटा पाहिजेत, आम्ही काढतो, आणि मग स्लॅब खाली आला तर सेंटरिंगवाला नालायक. स्लॅग घेणार असाल तर प्लेटांचं भाडं जास्त दिवसांचं धरा आणि ते आधीच बोलून ठेवा, नंतर घासाघीस नको.

निवृत्त_क्यूसी:
सेंटरिंगवाले भाऊ, शंभर टक्के. कोडमध्ये (आयएस ४५६) साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमचे १४ दिवसांनी काढा असं आहे ते साध्या ओपीसीला (नुसत्या पोर्टलंड सिमेंटला) धरून आहे, दुसरं सिमेंट असलं तर तो काळ वाढवायचा असतो. निम्मा स्लॅग असलेल्या मालाचा ७ दिवसांचा क्यूब (ताकद तपासायला भरलेला काँक्रीटचा ठोकळा) हमखास कमी येतो, २८ ला भरून काढतो आणि त्यानंतरही ताकद वाढत राहते. पण २८ दिवस कुणाला धीर असतो.

पाणी मारायचं पण तसंच. ओपीसीला ७ दिवस पुरतात, स्लॅग किंवा राख असली तर किमान १०, आणि कडक उन्हात १४. गोणपाट टाकून सकाळी एकदा पाइप फिरवला याला पाणी मारणं म्हणत नाहीत, स्लॅबवर आळी बांधा. कमी पाणी मारलेला स्लॅग काँक्रीट साध्या काँक्रीटपेक्षा वाईट, वरचा थर भुसभुशीत राहतो आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड लवकर आत शिरतो.

रेतीबंदर:
ठाण्याच्या रेतीबंदरावर आमच्या वडिलांचा धंदा होता, खाडीची रेती काढायची आणि होडीने आणून ट्रकात भरायची. ती रेती गोड्या पाण्याने धुवायची असते हे सगळ्यांना माहिती होतं आणि धुवायचं कोण नव्हतं हेही माहिती होतं. आज वाशी-ठाण्याच्या जुन्या बिल्डिंगांत छताची पापुद्री पडून सळया दिसतात त्यात मीठ किती आणि बेफिकिरी किती हा हिशोब तुम्ही करा. आता खाडीची रेती बंद, सगळे क्रश सँडवर. पण सळईला मीठ खाणार ते बाहेरच्या हवेतून खाणारच ना, मग त्याला या पावडरीचा काही उपयोग आहे का? असं ऐकलंय.

निवृत्त_क्यूसी:
आहे, खाडीकाठी ही पावडर घ्यायचं मुख्य कारणच ते. स्लॅगमुळे काँक्रीटमधली छिद्रं बारीक होतात, मीठ आत सरकायला वेळ लागतो, शिवाय स्लॅगमधला ॲल्युमिना थोडं क्लोराइड धरून ठेवतो. समुद्रातल्या आणि सांडपाण्याच्या बांधकामांना म्हणूनच हे पसंत करतात. मात्र मालातच खारट रेती असली तर काही वाचवत नाही, आरसीसीत क्लोराइडची मर्यादा घनमीटरला ०.६ किलो आहे, त्याच्या वर गेलात की सळईचं आयुष्य देवाच्या हातात.

खाडीवारा:
सगळ्यांचे आभार, भावाला वाचून दाखवलं. पहिल्यावर तो थोडा नरमला, म्हणतो मग अर्ध्या पावडरीचा भाव अर्धा का नाही लावत? (मुद्दा आहे.) दुसऱ्यावर अजून अडून बसलाय. त्याचं म्हणणं, मुंबई-गोवा हायवेला हाच माल टाकला, पेपरात फोटो आले होते, तिथे रस्ता फुगला नाही तर आपली ओसरी कशी फुगेल.

पेणकर:
मुंबई-गोवा हायवेचं नाव काढलंत आणि मी आलोच 😀 या रस्त्याचं चौपदरीकरण बघत आमची पोरं कॉलेजात गेली. पण भावाने वाचलंय ते खरं आहे. जानेवारी २०२४ मध्ये पनवेल-इंदापूर टप्प्यातला एक किलोमीटरचा चौपदरी तुकडा स्टील स्लॅगचा म्हणून उद्घाटन झालं, माल डोलवीच्या जेएसडब्ल्यूचा, सुमारे ८० हजार टन. त्याआधी २०२२ मध्ये सुरतजवळ हजिऱ्याला सहा पदरी रस्ता केला, लाखभर टन स्लॅग, खडी अजिबात नाही, आणि जाडी नेहमीच्या रस्त्यापेक्षा तीस टक्क्यांनी कमी. दोन्हीकडे दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेचं तंत्र. तिकडे अरुणाचलात पण बीआरओने (सीमा रस्ते संघटनेने) वापरलाय, जमशेदपूरचा माल. म्हणजे चीज वाईट नाही, डोंगर फोडून खडी काढण्यापेक्षा हे बरंच की. पारसिकच्या डोंगराची काय अवस्था झालीय बघता ना.

अनुजा_ऐरोली:
पेणकर दादा, त्या रस्त्यांना गेलेला माल म्हणजे भट्टीतून निघाला आणि ट्रकात भरला असा नव्हे. त्यातलं लोखंड चुंबकाने काढून घेतात, फोडून मापाची खडी करतात आणि महिनोन्महिने उघड्यावर पाणी मारून किंवा वाफ देऊन मुरवतात म्हणजे मोकळा चुना जो काय फुगायचा तो यार्डातच फुगून घेतो. चुनकळी ताजी विरवून लगेच भिंतीला लावली तर गिलावा फुटतो म्हणून आजोबांच्या काळी चुना मुरत घालायचे, तोच प्रकार. प्रश्न हा की तळोज्याहून गाडीभाड्यात येणारा माल कुणी मुरवलाय? मुरवायला जागा लागते, पाणी लागतं, वेळ लागतो, टेस्टचा खर्च असतो. एवढं करून कुणी फुकट देत नाही.

मी केमिस्ट्रीवाली, बांधकामातली नाही, पण अजून एक काळजी आहे. असल्या स्लॅगमधून झिरपलेल्या पाण्याचा पीएच ११-१२ पर्यंत जातो. गटारात त्याचा पांढरा चुनखडीचा थर बसतो. घणसोलीला गावठाणाच्या पलीकडे लगेच खारफुटी, आणि कुणाकडे अजून विहीर असेल तर तीही. रस्त्याखाली वर डांबर असतं आणि उतार असतो, पाणी सहसा साचत नाही. जोत्यात ओल कायमची.

घरच्या घरी करून बघण्यासारखं सांगते. कंत्राटदाराकडून मूठभर माल मागा, कुटून काचेच्या बरणीत पाण्यात टाका, झाकण लावून रात्रभर ठेवा, मग पीएच पट्टी बुडवा. मासे पाळणाऱ्यांच्या दुकानात नको, त्या पट्ट्या बहुतेक ९ पर्यंतच जातात, लॅबच्या सामानाच्या दुकानातली १ ते १४ ची आणा. हात धुवा नंतर. याने फुगेल की नाही ते कळणार नाही, फक्त चुना किती जागा आहे त्याचा अंदाज येईल. फुगवटा मोजायची खरी टेस्ट लॅबमध्ये होते, दाबून भरलेला नमुना ७० अंशाच्या गरम पाण्यात ठेवून किती वर येतो ते बघतात.

निवृत्त_क्यूसी:
अनुजाताईंनी मुद्द्याचं लिहिलं. त्यात भर. तळोज्याकडच्या बऱ्याच भट्ट्या इंडक्शनच्या, भंगार आणि स्पंज आयर्न वितळवणाऱ्या. त्यांचं अस्तर सिलिकाचं असतं त्यामुळे त्या स्लॅगमध्ये चुना कमी, फुगण्याची भीतीही कमी. पण म्हणून पास असं नाही. त्यात लोखंडाचे थेंब आणि तुकडे राहतात, ते ओलीत गंजतात. आणि ढिगाऱ्यात नक्की काय आहे हे कोण सांगणार? इंडक्शनचा आहे, आर्कचा आहे, लॅडलचा (वितळलेला रस धरायच्या भांड्याचा) पांढरट भुगा आहे की भट्टीचं फोडलेलं अस्तर आहे, सगळं एकाच लोडरने उचलतात. लॅडलचा स्लॅग तर गार होता होता आपोआप पीठ होतो, तो दाबला तरी नीट बसत नाही. आणि आर्क भट्टीची धूळ त्यात मिसळली असेल तर जस्त, शिसं आलं, ती धूळ घराच्या आसपास नकोच.

नियम पण बघा. खडी-वाळूच्या आयएस ३८३ मध्ये २०१६ पासून स्लॅगला जागा दिली. झोतभट्टीच्या स्लॅगची खडी साध्या काँक्रीटला ५० टक्के, आरसीसीला २५ टक्के. पोलादाच्या स्लॅगची खडी साध्या काँक्रीटला २५ टक्के आणि आरसीसीला शून्य. शून्य म्हणजे शून्य. ज्यांनी कोड लिहिला त्यांना हा माल वापरला जावा असंच वाटत होतं, तरी सळईजवळ त्यांनी येऊ दिला नाही.

ठाणेकर_मंदार:
एक शंका. सरकारी आकड्याप्रमाणे देशात वर्षाला १.९ कोटी टन स्टील स्लॅग निघतो आणि २०३० पर्यंत ६ कोटींवर जाईल म्हणतात. आपण सगळे "माझ्या घरात नको" म्हणालो तर तो जाणार कुठे? परत खाडीतच ना? इथे सगळे पर्यावरणवाले फक्त नको म्हणायला.

अनुजा_ऐरोली:
मंदार, नको कोण म्हणतंय, मी जागा बदला म्हणतेय. रस्ते, बंदरातली आवारं, रेल्वेची भरावाची कामं, जिथे टेस्ट करून हजारो टन एका ठिकाणी जातो आणि कोण जबाबदार ते कागदावर असतं तिथे जाऊ दे. घणसोलीच्या एका जोत्यात चार गाड्या जिरवून देशाचा स्लॅग संपणार नाही, आणि उद्या ती फरशी उखडली की सगळ्या गल्लीत स्लॅगचं नाव खराब, चांगल्या मालाला पण लोक हात लावणार नाहीत.

आणि पर्यावरणाचं म्हणशील तर मोठा फायदा त्या पांढऱ्या पावडरीत, जीजीबीएसमध्ये आहे. सिमेंटचा क्लिंकर करताना चुनखडी भाजतात, चुनखडीतूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, कोळसा नाही जाळला तरी सुटणार. सिमेंटच्या एकूण धुरातला निम्म्याहून जास्त वाटा तो. जीजीबीएसला भाजायची गरज नाही, वाळवायचा आणि दळायचा. म्हणजे यांच्या स्लॅबमध्ये निम्मा स्लॅग गेला की तिथेच काम झालं.

सेंटरिंगवाला:
ताई सगळं खरं पण पांढऱ्या पावडरीने शटर काढल्यावर काँक्रीट कधी कधी हिरवट-निळं दिसतं, मालक घाबरतो, सडलं म्हणतो. आधीच सांगून ठेवतो, हवा लागली की जातं ते.

खाडीवारा:
अपडेट देतो. रविवारी कंत्राटदाराच्या माणसासोबत जाऊन तो ढीग बघितला. तळोज्याच्या आतल्या बाजूला मोकळा प्लॉट, पाटी नाही काही नाही, काळे ढेकूळ, मध्ये मध्ये राखाडी पीठ, फायरब्रिकचे तुकडे, एका ठिकाणी चक्क सळईचं टोक. कुठल्या भट्टीचा विचारलं तर म्हणे "सगळ्यांचा येतो". कागद मागितला तर हसला. मी गप्प एका पिशवीत थोडा भरून आणला, बरणीत टाकला, पट्टी पार गडद निळी झाली, ११ च्या आसपास वाटते.

बरणी भावाच्या टेबलावर ठेवली. बोलला काही नाही पण संध्याकाळी मुरुमाच्या गाडीवाल्याला फोन केला. थरावर थर पाणी मारून धुमस चालवायचं ठरलंय, वर डबराचं सोलिंग आणि पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट). काँक्रीट एम ३० आणि निम्मा जीजीबीएस, भाव मागवलाय. आता प्लांटवाल्याला नक्की काय विचारू ते सांगा म्हणजे मला तो फसवणार नाही.

निवृत्त_क्यूसी:
ओपीसी ५३ आहे ना ते विचारा, कारण पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) किंवा तयार स्लॅग सिमेंटमध्ये वरून अजून पावडर घातली तर प्रमाणाचा पत्ताच लागत नाही. पावडर कुठल्या ग्राइंडिंग युनिटची आणि तिचं टेस्ट सर्टिफिकेट मागा. प्रत्येक गाडीच्या चलनासोबत बॅचची छापील चिठ्ठी येते त्यात सिमेंट, जीजीबीएस, पाणी सगळं किलोत असतं, ती मागायची, नाही म्हणाला तर गाडी परत. साइटवर ड्रायव्हरने पाणी घातलं तर तिथेच थांबवा, सगळ्यात जास्त नास त्याच पाण्याने होतो, स्लॅग असो नसो. पंपवाला म्हणेल माल जात नाही, तर प्लांटला फोन करून ॲडमिक्स्चर (माल पातळ करणारं रसायन) पाठवायला सांगा.

भावाच्या भावाच्या प्रश्नाचं उत्तर: पावडर ओपीसीपेक्षा स्वस्त असते, तेवढा फरक भावात दिसलाच पाहिजे. निम्मा होणार नाही कारण खडी, वाळू, गाडी, पंप तेच. दुसऱ्या प्लांटचं कोटेशन आणून समोर ठेवा.

फुकटचा_सल्लागार:
"भावाच्या भावाच्या प्रश्नाचं" 🙏 काका, मी दोनदा वाचलं.

घणसोलीचा_थोरला:
नमस्कार. मीच तो भाऊ. धाकट्याने लिंक पाठवली, आयडी काढायला पुतणीची मदत घेतली. आमच्याबद्दल इथे बरंच लिहून झालेलं दिसतंय, असो. मला एकच विचारायचंय, क्यूब किती घ्यायचे आणि पैसे कोणी द्यायचे? पहिला स्लॅब वीस-एकवीस घनमीटर होईल असं इंजिनीयर म्हणतो.

निवृत्त_क्यूसी:
या थोरले, स्वागत. १६ ते ३० घनमीटरला ३ सँपल, एका सँपलला ३ क्यूब, म्हणजे २८ दिवसांचे ९. वेगवेगळ्या गाड्यांतून घ्या, पहिल्याच गाडीतून सगळे नको, पहिली गाडी ते नेहमी चांगली पाठवतात. टेकू कधी काढायचे त्यासाठी तीन जादा भरून ठेवा आणि ते स्लॅबवरच, स्लॅबसारखंच पाणी मारून. २८ चे मात्र टाकीत पाण्यात. प्लांट स्वतःचे क्यूब करतोच, पण तुमचे तुम्ही बाहेरच्या लॅबला द्या आणि ते पैसे तुमचे, नाहीतर रिपोर्ट पण त्यांचाच.

सेंटरिंगवाला:
आणि थोरले दादा, प्लेटांचं भाडं?

घणसोलीचा_थोरला:
त्याचं आमच्या सेंटरिंगवाल्याशी बोललोय. १४ दिवसांचं धरलंय, पुढे लागले तर रोजावर.